वाटणी न करता

हसबनीस मॅडमनी फळ्यावर लिहिलं,
एक्सचा घन अधिक वायचा घन
बरोबर सहा एक्सवाय.
हातावरचा खडू झटकून म्हणाल्या,
वायला एकटं काढून दाखवा.

मी दोन पानं घालवली.
घनातून सोडवावा तर वाय गुणाकारात अडकलेला,
गुणाकारातून ओढावा तर घनात.
मागून इनामदार ओरडला, निघत नाही मॅडम.
मॅडम म्हणाल्या, मग नका काढू.

नाना पेठेत आमचं सायकलचं दुकान,
आठ फूट बाय अकरा.
दादा चाकाचा आऊट काढतात,
काका गिऱ्हाइकाचा.
दिवाळीपासून दोघं बोलतात ते माझ्यामार्फत:
काकाला विचार, पंधराचा पाना कुठाय.
त्यांना सांग, त्यांच्याच मांडीखाली आहे.

वकील म्हणाला, ज्याचं त्याचं वेगळं लिहून आणा.
दादा रात्री वही घेऊन बसतात.
कॉम्प्रेसर कुणाचा?
पैसे काकाचे, कर्ज दादांच्या नावावर,
हप्ते फिटले ते शाळेच्या सायकलींच्या कामातून,
ते काम काकाने आणलेलं
आणि शाळेने दिलेलं दादांचा हात बघून.
वही तिथंच थांबते. गेले अकरा दिवस
त्याच पानावर.

मॅडमची रीत अशी:
समीकरण आहे तसं राहू दे.
दोन्ही बाजूंना एकदम हात घाला.
एक्सचं नेहमीसारखं.
वायला हात लावलात की मागे शेपूट लावा,
डीवाय बाय डीएक्स,
कारण एक्स हलला की वायही हलतो
आणि तसं तो कुठं लिहून देत नाही.
(इनामदार शेपूट तीनदा विसरला.)
गुणाकार दिसला तर घाई नको.
आधी एकाला धरून ठेवा, दुसऱ्याला हलू द्या,
मग उलट,
मग दोन्हीची बेरीज.

मी गल्ल्यामागे बसून केलं.
शेपटांची पदं डावीकडे, बाकीची उजवीकडे.
दोन वाय वजा एक्सवर्ग,
भागिले वायवर्ग वजा दोन एक्स.
मला वाटलं चुकलं,
कारण उत्तरातही वाय होताच.
मॅडमना फोन केला.
चुकलं नाही पवळे, म्हणाल्या,
ज्याला वेगळं काढलं नाही
तो उत्तरातही राहणारच.

मग तीन, तीन हा बिंदू घालून पाहिला.
सहा वजा नऊ, भागिले नऊ वजा सहा.
वजा एक.
दोघं सारखे असतात तिथं
एक जेवढा पुढे सरकेल
तेवढाच दुसरा मागे.

समोर घमेल्यात ट्यूब होती.
दादा ती पाण्याखाली दाबून सरकवत होते,
काका वाकून पाणी बघत होता.
मधे मी नव्हते.
बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला.
इथं, म्हणाला काका.
दादांनी बोट ठेवलं.

शून्य, शून्य घातल्यावर मात्र
शून्य भागिले शून्य आलं.
दुसऱ्या दिवशी विचारलं तर मॅडम म्हणाल्या,
तिथं हा वक्र स्वतःलाच छेदून जातो,
एक फांदी आडवी, एक उभी,
सूत्र गप्प बसतं.
आणि परीक्षेला येत नाही ते.

तरी मी तो काढलाच,
वकिलाच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला:
पानासारखा एक फास
आणि त्याची दोन टोकं
कागदाबाहेर गेलेली.
दादांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, गणित.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
ग्रीसचा अंगठा कोपऱ्यावर उमटला.
काकाला दाखव, म्हणाले,
त्याचं गणित बरं होतं.